पावती कुणाच्या नावाची?

वणी हे सप्तशृंगी गडाच्या वाटेवरचे गाव. चैत्रातली यात्रा, नवरात्र, कोजागिरीला कावडी घेऊन गडावर जाणारे भाविक, त्यांच्यासाठी ठिकठिकाणी लागणारे चहा-फराळाचे मंडप, गावोगावचे हरिनाम सप्ताह, गणपती. हे सगळे वर्गणीवर चालते. वर्गणी मागायला चार पोरे दारात येतात तेव्हा त्यांच्या हातात पावतीपुस्तक असते. त्यावर देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि घेणाऱ्याची सही होते, खालची प्रत पुस्तकात राहते. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर, कुणी किती दिले हे माईकवरून वाचून दाखवायची पद्धत अनेक गावांत आजही आहे. कमी देणाऱ्याला थोडे ओशाळे वाटते आणि जास्त देणाऱ्याची मान जरा वर होते. पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे साऱ्या गावाला कळते.

हा केवळ रिवाज नाही, कायदाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. त्याच्या ४१-क कलमानुसार, नोंदणी नसलेल्या मंडळालाही उत्सवासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते आणि हिशोब ठेवावा लागतो. वणीच्या एखाद्या गल्लीतले गणेश मंडळ पन्नास-शंभर रुपयांच्या पावत्या फाडते, तेही या नियमाखाली येते.

आता हाच प्रश्न राजकीय पक्षाला विचारून पाहा. देशाचा कारभार ज्याच्या हाती जाणार त्या पक्षाला पैसे कुणी दिले, किती दिले, कधी दिले? पावतीपुस्तक कुठे आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळवायला या देशाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि मिळालेले उत्तरही अजून पुरे नाही. हे प्रकरण त्या पावतीपुस्तकाच्या शोधाबद्दल आहे.

सुरुवात मुंबईत झाली. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचे ठरवले. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर आले. तेव्हाच्या कायद्यात अशी देणगी देण्याला बंदी नव्हती, त्यामुळे न्यायालयाला कंपनीला अडवता आले नाही. पण छागलांनी निकालपत्रात स्पष्ट शब्दांत धोक्याची जाणीव करून दिली. कंपन्यांच्या पैशाची ही प्रवृत्ती झपाट्याने वाढणारी आहे, ती एक दिवस देशातल्या लोकशाहीला झाकोळून टाकील, तिचा गळाही आवळील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. संसदेने यात लक्ष घालावे, असेही त्यांनी सुचवले. स्वातंत्र्याला उणीपुरी दहा वर्षे झाली होती आणि त्याच वर्षी देशात दुसरीच सार्वत्रिक निवडणूक झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या न्यायाधीशाची नजर किती लांबवर पोचली होती ते कळते.

संसदेने लक्ष घातले, पण अर्धेमुर्धे. १९६० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन देणगीला मर्यादा आली. पंचवीस हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तेवढे देता येईल, आणि दिलेले हिशोबात दाखवावे लागेल. मग १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. कारण सांगितले गेले ते पैशाचा प्रभाव रोखण्याचे. पण साठच्या दशकात उद्योगपतींचा पैसा ‘स्वतंत्र’ पक्षासारख्या विरोधी पक्षाकडेही जाऊ लागला होता, हेही तितकेच खरे. बंदीमुळे पैसा थांबला नाही. निवडणुका महाग होत होत्या, पक्षांना सरकारी मदत नव्हती आणि धनादेशाची वाट बंद झाली होती. मग पैसा रोखीने, बिनपावतीचा येऊ लागला. नियम नुसता कडक असून भागत नाही. तो पैशाला उजेडात आणतो की अंधारात ढकलतो, यावर त्याचा गुण ठरतो. १९६९ ची बंदी दुसऱ्या प्रकारातली होती.

त्या अंधाराचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे सिमेंट प्रकरण. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. घर बांधायला, विहीर बांधायला कोट्यातून सिमेंट मिळायचे आणि त्यासाठी सामान्य माणूस कचेऱ्यांच्या खेपा घालायचा. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा न्यास काढला. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले की, या न्यासाला देणग्या देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना जादा सिमेंट मिळत आहे. सहकारी साखर कारखान्यांकडूनही न्यासासाठी पैसे घेतले गेल्याचा आरोप झाला. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परांशी संबंध असल्याचा निष्कर्ष नोंदवला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खाली-वर झाला, पण त्यात त्यांना शिक्षा झाली नाही.

या प्रकरणातली एक गोष्ट विसरता येणार नाही. तिथे पैसा पक्षाला दिलेला नव्हता. तो कलावंत-साहित्यिकांना मदत करण्याच्या चांगल्या नावाखाली, एका न्यासाला, धनादेशाने दिलेला होता. देणगी नेहमी पक्षाच्या नावाने येते असे समजणारा नागरिक निम्म्या पैशाकडे पाहतच नाही.

हे समजायला वणीहून फार लांब जावे लागत नाही. कळवण-देवळ्याच्या बाजूला गेले की कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले उमराणे गाव लागते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या. उमराण्यात गावकरी जमले आणि सरपंचपदासाठी बोली लागली. शेवटची बोली २ कोटी ५ लाख रुपयांची झाली. पैसा कुणाच्या खिशात जाणार नव्हता. तो गावच्या रामेश्वर महाराजांच्या मंदिरासाठी होता. निवडणूक बिनविरोध होणार, भांडणे टळणार, मंदिर उभे राहणार, यात गैर काय, असे अनेकांना मनापासून वाटत होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही तसेच घडले, तिथली बोली ४२ लाखांची होती. चित्रफिती सगळीकडे पसरल्या. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी अहवाल मागवले आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना, १३ जानेवारी २०२१ रोजी, दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

उमराण्याच्या लोकांना नावे ठेवण्यात मला काही मिळवायचे नाही. उलट तिथे जे झाले ते उघड्या मैदानावर, सगळ्यांच्या समक्ष झाले. म्हणूनच ते पकडले गेले आणि म्हणूनच ते थांबवता आले. पण देणगी आणि सत्ता यांचे नाते या एका घटनेत जितके स्वच्छ दिसते तितके दिल्लीच्या शेकडो पानी अहवालातही दिसत नाही. दोन कोटी देऊ शकणारा माणूस गावात एखाददुसराच असतो. बाकीच्यांना, म्हणजे शेतमजुराला, लहान शेतकऱ्याला, बचतगट चालवणाऱ्या बाईला, उमेदवार होण्याची वाट त्या क्षणी बंद झाली. आणि मतदाराला? त्याला मतदान करण्याचे कारणच उरले नाही. दोन कोटी देणारा पाच वर्षांत ते कुठून भरून काढणार, हा प्रश्न तर पुढचाच. देणगी देवाला होती, पण किंमत मताची लावली होती.

गावपातळीवर कायदा तसा कडक आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या उमेदवाराने किती खर्च करावा याची मर्यादा राज्य निवडणूक आयोगाने घातली आहे. २०१७ मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे सात ते नऊ सदस्यांच्या लहान ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार आणि थेट निवडून येणाऱ्या सरपंचाला ५० हजार, तर पंधरा-सतरा सदस्यांच्या मोठ्या गावात सदस्याला ५० हजार आणि सरपंचाला पावणेदोन लाख अशी ती तेव्हा होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब दिला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या १४-ब कलमाखाली पाच वर्षांसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते. हरलेला उमेदवारही यातून सुटत नाही. चहाच्या कपाचे बिल जोडायचे राहिले म्हणून धावपळ करणारी माणसे तहसील कचेरीत दिसतात ती यामुळे.

वर जावे तसा हिशोब सैल होत जातो. दिंडोरी विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि दिंडोरी लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख अशी मर्यादा २०२२ पासून आहे. वेगळे बँक खाते, रोजची खर्चनोंदवही, निरीक्षक, मंडप-खुर्च्या-जेवणाची ठरवून दिलेली दरसूची हे सारे आहे. पण पक्ष स्वतः किती खर्च करतो याला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरला पाहिजे. निकालाची शाई वाळायच्या आत सरकारने अध्यादेश काढून पक्षाचा खर्च त्यातून वगळला. पुढे २००३ मध्ये कायदा पुन्हा बदलला. तरी पक्षाच्या बड्या प्रचारकांच्या विमान-हेलिकॉप्टरचा खर्च आजही उमेदवाराच्या नावे पडत नाही आणि पक्षाच्या एकूण खर्चाला वर टोक नाही. उमेदवाराच्या मर्यादेचेही काय होते, ते गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून दाखवले. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला खर्च ८ कोटी झाला, असे ते म्हणाले. तेव्हाची मर्यादा २५ लाख होती. आयोगाने नोटीस काढली, त्यांनी खुलासा केला, प्रकरण तिथेच मिटले. मुंड्यांनी त्या दिवशी जे बोलून दाखवले ते राजकारणातल्या प्रत्येकाला माहीत होते.

सहकाराचा मुद्दा इथेच मांडला पाहिजे, कारण ग्रामीण महाराष्ट्रात पक्षनिधी समजून घ्यायचा तर केवळ कंपन्यांची यादी पाहून चालत नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती, दूध संघ, शिक्षणसंस्था या सगळ्यांकडे गाड्या असतात, नोकर असतात, रोज शेकडो शेतकऱ्यांशी संबंध असतो. निवडणुकीच्या महिन्यात ही यंत्रणा कुणासाठी राबते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ही वस्तुरूप देणगीच आहे. पण कोणत्याही पक्षाच्या अहवालात ती दिसत नाही, आणि जिचे पैसे खर्ची पडले ती सभासद शेतकरीण तर या देणगीबद्दल विचारूही शकत नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या राजकारणातला सर्वांत कमी मोजला गेलेला पैसा हाच आहे.

आता दिल्लीकडे. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात कंपन्यांच्या देणग्यांवरची बंदी उठली. मर्यादा पुन्हा नफ्याच्या पाच टक्के ठरली, ती २०१३ च्या कंपनी कायद्यात साडेसात टक्के झाली. २००३ पासून वीस हजारांवरच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवणे पक्षांना बंधनकारक झाले. त्याखालच्या देणगीला नाव नाही, आणि वीस हजारांखालचे कितीही तुकडे पाडता येतात. मग २०१७ च्या वित्त कायद्याने एकाच वेळी अनेक दारे उघडली. रोख देणगीची मर्यादा दोन हजारांवर आणली, ते चांगले झाले. पण साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली, कोणत्या पक्षाला दिले हे कंपनीने हिशोबात दाखवण्याची अट काढली आणि निवडणूक रोखे आणले. रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे, नाव कुणालाही कळवायचे नाही. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने रोख्यांची विक्री सुरू होण्याआधीच आक्षेप नोंदवले होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

रोख्यांची पहिली विक्री १ ते १० मार्च २०१८ या दिवसांत झाली. देशातल्या चार महानगरांत, मुंबईतही, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. नेमक्या त्याच दिवसांत, ६ मार्चला, नाशिकहून किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे निघाला होता. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी या वणीच्या अवतीभवतीच्या तालुक्यांतले आदिवासी शेतकरी, वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी, घरून शिधा बांधून, अनवाणी किंवा फाटक्या चपलांनी चालत होते. १२ तारखेला ते आझाद मैदानावर पोचले. विक्रीच्या त्या दहा दिवसांत देशभर २२२ कोटींचे रोखे विकले गेले, त्यांतले २१० कोटी केंद्रात सत्तेवर असलेल्या भाजपकडे गेले. सरकारचे कान आपल्याकडे वळवण्याचे हे दोन मार्ग होते. एका मार्गावरची माणसे, त्यांची गावे, त्यांच्या पायांचे फोड साऱ्या देशाने पाहिले. दुसऱ्या मार्गावर कोण चालले हे पुढची सहा वर्षे कायद्याने झाकून ठेवले होते.

रोख्यांविरुद्ध असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि इतर न्यायालयात गेले. याचिकाकर्त्यांमध्ये हा एक पक्ष होता आणि त्याने रोखे घेतले नव्हते. याच डोंगरपट्ट्यात त्या पक्षाचे काम आहे, ते सभासदांच्या उत्पन्नातून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीवर चालते. मला त्यांची सगळी धोरणे पटतात असे नाही, पण पैशाच्या बाबतीत त्यांनी सरळ मार्ग धरला हे मान्य केलेच पाहिजे. कोल्हापूरकडे राजू शेट्टी यांनीही ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत लोकवर्गणीवर निवडणुका लढवल्या आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून ते लोकसभेत गेले. शेतकऱ्याने दहा-वीस रुपये द्यायचे आणि मतही द्यायचे. असा पैसा थोडा असतो, पण निवडून आलेल्यावर त्याचे ओझे कुणा एकाचे नसते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने रोखे घटनाबाह्य ठरवले. पक्षांना पैसा कोण देते हे कळणे मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. कंपन्यांना अमर्याद देणगी देऊ देणारी दुरुस्तीही रद्द झाली. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यानंतरची, मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या.

त्या याद्यांनी सांगितले की, एप्रिल २०१९ नंतरच्या काळात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६१० कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२० कोटी रुपये मिळाले. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरी चालवणारी फ्युचर गेमिंग ही कंपनी, १,३६८ कोटी. दुसरी हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. मेघाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १४० कोटींचे रोखे घेतल्याचे त्यात दिसते. पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे सुमारे १४,४०० कोटींचे काम तिला मिळाले. या दोन गोष्टींत देवाणघेवाण होती असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि पुराव्याशिवाय आपणही म्हणू नये. पण काम देताना, त्याच वेळी, विधानसभेत किंवा वर्तमानपत्रात हा प्रश्न कुणाला विचारता आला नाही, कारण तारीख आणि नाव दोन्ही लपवलेले होते. गुप्ततेने काय होते ते इथे कळते. दोषी तर सुटतोच, निर्दोषालाही आपले निर्दोषत्व दाखवण्याची संधी राहत नाही.

रोखे गेले, पैसा राहिला. तो आता मोठ्या प्रमाणात निवडणूक न्यासांमधून वाहतो. हे न्यास २०१३ च्या योजनेखाली चालतात. वर्षभरात मिळालेल्या देणगीचा ९५ टक्के वाटा त्यांना पक्षांना द्यावाच लागतो आणि देणारा-घेणारा दोघांची नावे आयोगाला कळवावी लागतात. न्यासाला कुणी दिले आणि न्यासाने कुणाला दिले या दोन याद्या मिळतात. मात्र अमक्याचा पैसा नेमका तमक्याकडे गेला, हे पुष्कळदा सांगता येत नाही. तरी रोख्यांपेक्षा ही व्यवस्था बरी आहे, कारण निदान नावे तरी आहेत. अशा प्रकारचा पहिला न्यास मात्र त्या योजनेच्या कितीतरी आधी, १९९६ साली, टाटा समूहानेच काढला होता. १९५७ मध्ये जो प्रश्न छागलांसमोर आला होता, त्याच घराण्याने त्यावर एक उत्तर शोधू पाहिले, हे इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. २०२४-२५ या रोखे बंद झाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात न्यासांनी पक्षांना ३,८०० कोटींहून अधिक रुपये दिले आणि त्यांतले चार-पंचमांशाहून अधिक एकाच, सत्ताधारी पक्षाला गेले. काल दुसरा पक्ष सत्तेत होता तेव्हा ओघ तिकडे होता, उद्याही तसेच होईल. नावे उघड झाली म्हणून पैशाचा कल बदलत नाही. तो सत्तेकडेच वाहतो. म्हणून पक्षाच्या खर्चाला वरची मर्यादा आणि वीस हजारांखालच्या देणगीलाही नाव, या दोन गोष्टी कायद्यात आल्याशिवाय हे काम पुरे होणार नाही असे मला ठामपणे वाटते. सहकारी संस्थांच्या गाड्या आणि माणसे निवडणुकीत राबली तर त्याची किंमत हिशोबात धरणे ही तिसरी गोष्ट, आणि ती दिल्लीने नव्हे, महाराष्ट्राने करायची आहे.

तोपर्यंत जे हक्क आपल्या हातात आहेत ते वापरायला हवेत. पक्षांचे वार्षिक देणगी अहवाल आणि न्यासांच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. विधानसभा किंवा लोकसभेच्या उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे वणीकरांसाठी नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, असतो. निवडणूक संचालन नियमांतल्या ८८ व्या नियमाप्रमाणे तो कुणालाही पाहता येतो, त्यासाठी मतदार असण्याचीही अट नाही. पाहण्याचे शुल्क एक रुपया आहे. तुमच्या मतदारसंघातल्या गेल्या निवडणुकीचा हिशोब एकदा मागून पाहा, आणि तुमच्या गावात झालेल्या सभा, लागलेले मंडप, फिरलेल्या गाड्या त्यात कुठे दिसतात का ते स्वतः तपासा.